चायनीज फाउंटन पेनांचा संग्रह: पाच हजारांत काय घ्यावं, तुलना कशी करावी

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या ऑफिसात रोज तीन-चार पानं हाताने लिहितात, बहुतेक मराठीत. पाच हजारांत चायनीज फाउंटन पेनांचा छोटा संग्रह सुरू करायचाय. कुठली सात-आठ पेनं घ्यावीत, एकमेकांशी तुलना कशी करावी, आणि नामांकित पेनांच्या नकला घेणं बरोबर आहे का, हे त्यांना हवंय. शिवाय आजोबांचं हिरो ६१६ हे चायनीज पेन वीस वर्षं खणात पडून आहे, ते पुन्हा लिहितं होईल का, असंही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. सात-आठ मॉडेलं घेऊ नका, चार घ्या. त्यातल्या सगळ्यात स्वस्त मॉडेलचे दोन नग घ्या. उरलेल्या पैशांत घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग, एक दौत आणि बऱ्या कागदाची एक वही आणा.

एकाच मॉडेलचे दोन नग कशाला, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नारायण पेठेत मी बावीस वर्षं पेनं दुरुस्त करतोय, निबा बसवून देतोय, आणि या काळात सगळ्यात जास्त वेळा मला हेच समजावून सांगावं लागलंय. एकाच खोक्यातून आलेली, एकाच रंगाची, लागोपाठच्या दिवशी तयार झालेली दोन पेनं माझ्या टेबलावर येतात. एक लोण्यासारखं चालतं आणि दुसरं कागद खरवडतं. ज्याच्या हाती पहिलं पडलं तो त्या कंपनीचे गोडवे गातो, दुसऱ्याच्या हाती खरवडणारं पडलं की तो सगळ्या चायनीज पेनांना नावं ठेवतो. दोघांनीही एकेकच पेन पाहिलेलं असतं.

हे का होतं ते समजून घेतलं की खरेदीचा निम्मा गोंधळ संपतो. पोलादाची पट्टी कापणं, तिला आकार देणं, टोकावर कठीण धातूचा थेंब जोडणं, मधोमध चीर पाडणं ही सगळी कामं यंत्र करतं आणि आता चांगली करतं. तीनशे रुपयांच्या पेनाची आणि तीन हजारांच्या पेनाची पोलादी निब धातू म्हणून फार वेगळी नसते. फरक शेवटच्या पायरीत आहे. कुणीतरी प्रत्येक निब भिंगाखाली धरायची, दोन्ही टोकं एका पातळीत आहेत का ते बघायचं, शाईत बुडवून चार रेघा ओढायच्या, गरज पडली तर किंचित वाकवायची. या कामाला माणसाची काही मिनिटं लागतात आणि तीनशे रुपयांत ती मिनिटं परवडत नाहीत. म्हणून ते काम आपल्यावर येतं. स्वस्त पेनाचा संग्रह करणाऱ्याने ते शिकायलाच हवं, नाहीतर त्याच्याकडे न लिहिणाऱ्या पेनांची पेटी तयार होते.

मागच्याच रविवारी एक मुलगा जिनहाओ एक्स ७५० घेऊन आला. "काका, हे उजवीकडे ओढलं तर चालतं, डावीकडे ओढलं की कागदात रुततं." खिडकीपाशी उजेडात निब भिंगाखाली धरली. टोकं समोरून बघितली तर खसखशीचे दोन दाणे शेजारी शेजारी असावेत तशी दिसतात. डावा दाणा उजव्यापेक्षा केसभर खाली होता. खालच्या पात्याला अंगठ्याच्या नखाने वरच्या बाजूला हलकं उचललं, पाच सेकंद धरलं, सोडलं. पुन्हा बघितलं, अजून थोडा फरक होता. पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी दोन्ही दाणे एका रेषेत आले. ना कानस लागली, ना पॉलिश पेपर. मुलाने तिथेच बसून पान भरून लिहिलं. स्वस्त पेनांच्या दहा तक्रारींमधल्या पाच-सहा तरी अशाच निघतात.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे नवं पेन धुणं. कारखान्यातलं तेल निबेवर आणि तिच्या खालच्या काळ्या जिभेवर राहिलेलं असतं, आणि तेलावर शाई धरत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, पेन पाच-सहा वेळा भरायचं आणि रिकामं करायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं आणि टोक खाली करून फडक्यावर रात्रभर ठेवायचं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या. जड पाण्यातले क्षार जिभेच्या बारीक खाचांमध्ये बसतात आणि वर्षभराने शाईचा ओघ कमी होतो.

आता देवनागरीबद्दल. पेनांबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक रोमन लिपी लिहिणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, आणि आपली गरज वेगळी आहे. जोडून लिहिलेल्या इंग्रजी शब्दात पेन एकदा टेकलं की शब्द संपेपर्यंत उचलत नाहीत. देवनागरीत प्रत्येक अक्षराला हात दोन-तीनदा उचलावा लागतो: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, शिवाय शिरोरेषा. म्हणजे एका पानात आपण कित्येक पटींनी जास्त वेळा नव्याने सुरुवात करतो. त्यामुळे टेकवल्यावर पहिला कण कोरडा जाणारं पेन इंग्रजी लिहिणाऱ्याला जेमतेम जाणवेल, पण मराठी लिहिणाऱ्याला ते हैराण करतं. अनुस्वार उमटतच नाहीत आणि "आंबा"चा "आबा" होतो. हा दोष बहुतेकदा टोक जास्त गुळगुळीत घासल्याने येतो. चिरेच्या दोन्ही कडा आतून गोल झालेल्या असतात, शाई चिरेत येऊन थांबते आणि कागदापर्यंत पोहोचत नाही. गंमत अशी की असं पेन दुकानात हातात घेतलं तर फार मऊ लागतं. त्या मऊपणावर भाळू नका. दहा अनुस्वार लागोपाठ देऊन बघा.

निबेच्या जाडीचंही तसंच. "श्रद्धा", "घनिष्ठ", "ज्ञानेश्वर" हे तीन शब्द तुमच्या नेहमीच्या आकारात लिहा. "द्ध" आणि "ष्ठ" यांच्या पोटातली जागा उघडी राहिली तर निब तुमच्या हाताला योग्य. भरून काळी झाली तर जाड. चायनीज विक्रेते एक्स्ट्रा फाइनला ०.३८ मिमी आणि फाइनला ०.५ मिमी असं लिहितात. तो आकडा शब्दशः घेऊ नका, पण रोजच्या मराठी लिखाणाला या दोनपैकी एकच घ्या. पत्रावर पत्ता, सही, मथळे यांना मीडियम छान. "फुडे" नावाची टोक वर वाकवलेली निबही मिळते. तिचा कोन बदलला की रेघ बारीक-जाड होते. ज्यांनी बोरूने कित्ता गिरवलाय त्यांना ती दोन दिवसांत वश होते, पण रोजच्या टिपणांना ती उपयोगाची नाही.

चार मॉडेलं कुठली? मी ब्रँडवरून किंवा रंगावरून निवडायला सांगत नाही, शाई भरायच्या पद्धतीवरून सांगतो. रंग तर असंख्य आहेत, त्यांना अंत नाही. शाई भरायच्या पद्धती मोजक्या आहेत, आणि त्या हाताळल्या की पेनाचं शंभर वर्षांचं यंत्रशास्त्र तुमच्या टेबलावर येतं. एरवी त्या प्रत्येकीची ओळख करून घ्यायची तर जुन्या, महागड्या पेनांवर हात टाकावा लागला असता. चायनीज पेनांचं खरं मोल मला यातच वाटतं.

जोडीसाठी जिनहाओ एक्स ७५० घ्या. पितळी अंग, वर लॅकर, आत फिरकीचा कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी सुटी नळी. निब सहा नंबरची, नुसती दाबून बसवलेली, त्यामुळे हाताने ओढून काढता येते आणि पुन्हा बसवता येते. निब काढणं, जीभ धुणं, दोन्ही एका रेषेत परत बसवणं हे सगळं शिकायला याच्याइतकं माफ करणारं पेन दुसरं नाही. जुळ्या भावाचा, एक्स ४५०चा, पकडायचा भाग तिकोनी खाचांचा आहे. त्या खाचा बोटांना जमल्या तर ठीक, नाहीतर टोचतात, म्हणून ७५०. निबेवर "१८ केजीपी" असं कोरलेलं असतं, ते सोन्याचं पाणी आहे, अठरा कॅरेट सोनं नव्हे. विक्रेत्याने "गोल्ड निब" म्हणून जास्त पैसे मागितले तर उठून या. जर्मन किंवा भारतीय बनावटीची सहा नंबरची पोलादी निबही यात बहुधा बसते. ते पुढे करून बघा, एकाच अंगात दोन निबा घालून लिहिण्यासारखी शिकवण नाही.

दुसरं विंग संग ६०१. यावर मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या घरात हिरो ६१६ आहे आणि ही दोन्ही एकाच पेनाची मुलं आहेत. पार्कर ५१ अमेरिकेत १९४१ साली बाजारात आलं. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, फक्त टोक बाहेर. कारण पार्करने त्यासाठी फार लवकर वाळणारी शाई काढली होती आणि उघड्या निबेवर ती सुकून बसली असती. सुरुवातीच्या ५१ मध्ये शाई भरायला मागे एक दांडी होती, ती पुन्हा पुन्हा दाबायची. १९४८ पासून त्याऐवजी आत पारदर्शक नळी आणि बाजूला दाबायची पट्टी आली. हिरो ६१६ मध्ये दाबायची पट्टी आहे, म्हणजे ते १९४८ नंतरच्या ५१ वर बेतलंय. विंग संग ६०१ मध्ये मागचं बटण दाबायचं असतं, म्हणजे ते १९४८ च्या आधीच्या ५१ वर बेतलंय. ही दोन पेनं शेजारी ठेवलीत की एकाच पेनाचे दोन कालखंड समोर येतात, आणि नुसतं वाचून जे कळत नाही ते बोटांना कळतं: पट्टीच्या पेनात शाई कमी मावते पण धुवायला सोपं, बटणाच्या पेनात अख्खं अंग शाईने भरतं पण धुताना अर्धा तास जातो.

६०१ भरताना लोक एक चूक करतात. दोन-तीनदा बटण दाबून थांबतात आणि म्हणतात शाई कमी येते. आत एक बारीक श्वासनळी आहे. शाई त्या नळीच्या वरच्या तोंडाला पोहोचेपर्यंत प्रत्येक दाबाला थोडीथोडीच वर चढते. निब पूर्ण बुडवून आठ-दहा वेळा सावकाश दाबा, दर वेळी बटण पूर्ण वर येऊ द्या. दौतीत बुडबुडे यायचे थांबले की भरलं.

तिसरं विंग संग ३००८. मागची घुंडी फिरवली की दट्ट्या मागे सरकतो आणि शाई आत येते. अंग पारदर्शक, त्यामुळे दट्ट्याची हालचाल दिसते. स्वस्त आहे, आणि दट्ट्या जड झाला की सिलिकॉन ग्रीसचा एक कण लावायला शिकायला हेच बरं. पारदर्शक प्लास्टिकला टोपणाच्या तोंडाशी किंवा पकडीच्या पेचापाशी तडे जाऊ शकतात. आवळून पिळू नका, बोटांच्या दोन टोकांनी फिरवा तेवढं पुरे.

चौथं विंग संग ६९९. यादीत सगळ्यात महाग हेच पडेल, पण ते गाळू नका. मागची दांडी पूर्ण बाहेर ओढायची, निब शाईत बुडवायची आणि दांडी एका दमात आत दाबायची. दट्ट्याच्या मागे पोकळी तयार होते. दांडी तळाला पोहोचते तिथे अंग थोडं रुंद आहे, तिथे दट्ट्याची बाजू सुटते आणि शाई एकदम उसळून आत भरते. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण "पुन्हा करून दाखवा" म्हणतो. ही युक्ती इंग्लंडमधल्या ओनोटो पेनाची, १९०५ सालची. जपानच्या पायलट कंपनीने ती कस्टम ८२३ या पेनात वापरली आणि विंग संगने तिथून उचलली. लांब लिहायला बसलात तर मागची घुंडी दोन-तीन मिलिमीटर सैल करून ठेवा. ती घट्ट असताना शाईची टाकी आणि जीभ यांच्यातली वाट बंद असते आणि दीड-दोन पानांनंतर पेन कोरडं पडतं. हे माहीत नसल्याने चांगली पेनं "बिघडली" म्हणून माझ्याकडे आलीत. उलट विमानात जाताना घुंडी घट्ट ठेवा, हवेचा दाब बदलला तरी शाई बाहेर येत नाही.

मोठ्या, जाडजूड पेनांची हौस असेल तर पुढच्या वर्षी जिनहाओ एक्स १५९ घ्या. जुनं १५९ पितळी आणि पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाचं, दहा मिनिटांत मनगट दुखतं. एक्स १५९ प्लास्टिकचं, बरंच हलकं, निबही मोठी. मजॉनची (आधीचं नाव मूनमन) ए१ ही खटक्याची पेनं आणि पेनबीबीएसची रंगीत रेझिनची पेनंही सुंदर आहेत, पण तुमच्या पाच हजारांत ती आता बसवू नका. ड्रॉपरने अंगातच शाई भरायची पेनं आपल्याकडे नवी नाहीत, शाळेत आपण तीच वापरली. मजॉनचं एम२ तसंच आहे. एप्रिल-मे महिन्यात शाई पाव भागावर आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि ठिपका पडतो. अर्ध्यावर आल्यावरच भरायची सवय ठेवली तर त्रास नाही.

कन्व्हर्टर सुटे घेताना तोंडाचं माप विचारा. चायनीज पेनांत २.६ मिमी आणि ३.४ मिमी अशी दोन मापं चालतात. एक दुसऱ्यात घुसवलात तर गळतो किंवा पेनाचं मुख फाटतं. एक्स ७५० ला २.६ लागतो.

आता तुलना. नुसतं "हे छान, ते ठीक" असं लिहून उपयोग होत नाही, चार महिन्यांनी स्वतःलाच अर्थ लागत नाही. एक वही करा आणि सगळ्या पेनांत एकच शाई घाला. ही अट सोडू नका, कारण शाई बदलली की ओघ बदलतो आणि मग तुम्ही पेनाची नव्हे, शाईची तुलना करत राहता. मी कॅम्लिनची रॉयल ब्लू घेतो. अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळते, धुवायला सोपी आणि वर्षानुवर्षं ओळखीची. (कॅम्लिनच्या दि. प. दांडेकरांनी मुंबईत शाईची पूड विकायला सुरुवात केली ती १९३१ साली, आणि हिरो ज्या कारखान्यातून उभी राहिली तो शांघायचा कारखानाही १९३१ चाच. या दोघांची एकाच पानावर गाठ पडते तेव्हा मला फार आनंद होतो.)

प्रत्येक पेनाला वहीत एक पान. वर नग क्रमांक, आणल्याची तारीख, किंमत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं वजन, टोपणासह आणि टोपणाशिवाय. मग प्रत्येक पेनाने तोच दहा ओळींचा मजकूर, नेहमीच्या वेगाने. शेवटी मोजा: किती वेळा पहिली रेघ चुकली, किती अनुस्वार उमटले नाहीत. त्याखाली पानभर लांब एक शिरोरेषा ओढा, न थांबता. ओघ कमी पडत असेल तर ती शेवटाकडे फिकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, तीन दिवसांनी आणि आठ दिवसांनी टोपण काढून एकच शब्द लिहा आणि किती रेघांनंतर शाई आली ते नोंदवा. ही शेवटची चाचणी सगळ्यात बोलकी आहे. पेन कितीही सुरेख लिहो, आठवड्याने टोपण काढल्यावर झटकावं लागत असेल तर ते वापरात राहत नाही. याचं कारण निबेत नसून टोपणात असतं, आतलं झाकण निबेभोवती नीट बसत नाही. झाकलेल्या निबेची पेनं इथे बाजी मारतात आणि मोठ्या उघड्या निबा मागे पडतात, हे तुम्हालाच दिसेल.

हे सगळं दोन कागदांवर करा. एक साधा झेरॉक्सचा, कारण ऑफिसात तोच वाट्याला येतो, आणि एक चांगला गुळगुळीत. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद मला जिवापाड आवडतो, पण बारीक निबेची चाचणी त्यावर घेऊ नका. त्याचे तंतू चिरेत अडकतात आणि रेघ पसरते. त्यावर मीडियमने पत्र लिहा.

जोडीतल्या दोन एक्स ७५० ची पानं समोरासमोर ठेवा. फरक दिसेलच. मग वाईट लिहिणारं घ्या आणि भिंग लावा. टोकं समपातळीत आहेत का? नसतील तर नखाने, वर सांगितल्याप्रमाणे. चीर टोकाशी अगदी मिटलेली आहे का? तर पितळेची अगदी पातळ पत्री चिरेतून अलगद सरकवा, दोन-तीनदा. हे दोन्ही करूनही खरखर राहिली तरच सगळ्यात बारीक पॉलिश पेपर, बारा हजार नंबरचा, तोही शाई भरलेल्या निबेने, इंग्रजी आठच्या आकारात पाच-सहा फेरे, आणि लगेच थांबून कागदावर बघा. टोकावरचा धातू गेला की परत येत नाही. चांगलं लिहिणाऱ्या दुसऱ्या नगाला हात लावू नका, तो तुमचा नमुना आहे. आपण कुठे पोहोचायचं ते तो सांगतो.

नकलांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दुसऱ्याचं नाव कोरलेलं बनावट पेन घ्यायचं नाही, फुकट मिळालं तरी नाही. आकार घेतला पण अंगावर स्वतःचं नाव ठेवलं, तर ते मी घेतो आणि वापरतो. पार्कर ५१ चा मूळ आकार आठ दशकांपूर्वीचा आहे, ओनोटोची युक्ती त्याहून जुनी, आणि पेनाच्या धंद्यात सगळ्यांनीच एकमेकांकडून घेतलंय. पण एखाद्या छोट्या कंपनीने नुकतीच काढलेली, अजून तिच्या पोटापाण्याची असलेली रचना जशीच्या तशी उचललेली दिसली की मी थांबतो. ३००८ वर तैवानच्या एका अजून चालू असलेल्या पेनाची छाया स्पष्ट आहे, आणि तुम्हाला ते खटकत असेल तर त्याऐवजी त्याच पद्धतीचं पेनबीबीएस ३०९ बघा, थोडे पैसे जास्त जातील. तुमच्या मनातली अढी योग्य आहे, ती सोडू नका. खोट्यांचा त्रास चायनीज कंपन्यांनाही आहे: हिरो ६१६ च्या नकली प्रती बाजारात भरपूर फिरतात. टोपणावरचं कोरीवकाम पुसट, क्लिपच्या बाणाच्या कडा बोथट आणि टोपण लावताना आवाज पोकळ असेल तर सोडून द्या.

खरेदी कुठून? नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेस ही चायनीज खरेदीची साइट भारतात बंद झाल्यापासून थेट मागवणं बहुतेकांचं थांबलं. आता भारतीय विक्रेत्यांकडून घ्यायचं, भाव थोडा चढा पण परत करता येतं. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने पकडीला तडा गेलेलं पेन पाठवलं आणि "वापरताना गेला असेल" म्हणून हात वर केले, कारण खोकं उघडतानाचा व्हिडिओ माझ्याकडे नव्हता. तेव्हापासून प्रत्येक पार्सल मी फोन समोर ठेवून उघडतो आणि शाई घालायच्या आधी पकड, टोपणाचं तोंड आणि पेच भिंगाखाली बघतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी जुनी हिरो पेनं दिसतात. तिथे जाताना छोट्या बाटलीत पाणी न्या. विकणाऱ्याला विचारून निब बुडवा आणि पट्टी दाबा. बुडबुडे आले आणि पाणी आत चढलं तर नळी शाबूत आहे.

आता आजोबांचं ६१६. ते बहुतेक लिहितं होईल. वीस वर्षांची शाई आत वाळून दगड झालीय, तेवढंच. मागचं अंग फिरवून काढा, आत धातूचं आवरण आणि त्यावर दाबायची पट्टी दिसेल. पुढचा भाग साध्या, गार पाण्याच्या पेल्यात निब बुडेल एवढा उभा ठेवा. गरम पाणी अजिबात नको, जुनं प्लास्टिक वाकडं होतं. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच. रात्रभरात पाणी निळं होईल. सकाळी पाणी बदला. पट्टी अगदी हलकी दाबून बघा, जोर लावू नका, नळी कडक झाली असेल तर फुटते. चार-पाच दिवस असं करत राहा. एक दिवस पट्टी दाबल्यावर पेल्यात पहिला बुडबुडा येईल. तिथून पुढे रोज दहा-बारा वेळा भरा-सोडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. निबेवरचं झाकण पिळून काढायचा मोह होईल, तो आवरा. ते डिंकासारख्या लेपाने बसवलेलं असतं आणि चुकीच्या जागी धरलं तर तडकतं. आठवड्याभरात बुडबुडा आलाच नाही तर नळी किंवा आतली श्वासनळी बदलावी लागेल. ते काम घरी करू नका, पेन दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

लिहायला लागलं की टोक घासू नका, खरखर असली तरीही. वर्षानुवर्षं एकाच हाताने लिहून ते आजोबांच्या कोनाला झिजलंय. पेन बोटांत किंचित फिरवत फिरवत लिहून बघा, एका जागी ते एकदम मऊ चालेल. आजोबा पेन कसं धरायचे ते तिथे कळतं. तो कोन पहिल्या पानावर लिहून ठेवा. वहीत नग क्रमांक १ तेच.